तीन बंद्यांची पुडी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात खर्रा म्हणजे काय हे कोणी कोणाला विचारत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका जाड पन्नीवर, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यावर, घ्यायचा आणि तळहाताने घोट घोट घोटायचा. तिन्ही जिनसा एकजीव झाल्या की पन्नीच्या लहान तुकड्यात बांधून वरून रबर लावायचं. झाली पुडी. असल्या तंबाखू मिसळलेल्या सुपारीवर सरकारची बंदी आहे. ज्या पन्नीत ती बांधतात त्या पन्नीवर निराळी बंदी आहे. आणि शाळेजवळ तंबाखू विकायला तिसरी बंदी आहे. एका पुडीत तीन बंद्या बांधून मिळतात, आणि दिग्रसच्या बस स्टँडपासून माझ्या शाळेपर्यंतच्या रस्त्यात ती पुडी मला अकरा ठिकाणी टांगलेली दिसते.

बंदीचा आदेश दरवर्षी नव्याने निघतो. पेपरात बातमी येते, एखादा ट्रक पकडला जातो, पोत्यांच्या ढिगामागे माणसं रांगेत उभी राहून फोटो काढतात. तो पेपर पानठेलेवाला गिऱ्हाईक नसताना निवांत वाचतो आणि नंतर त्यावरच सुपारी वाळत घालतो. मला या सगळ्याची पूर्वी चीड यायची. आता चीड येण्याइतकाही मान मी त्याला देत नाही.

मी दिग्रसजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत शिक्षिका आहे. माझा नवरा त्याच भागातल्या डझनभर शाळांचा केंद्रप्रमुख. सरकारने नवरा-बायकोला जवळजवळ नेमण्याची सोय केली आहे, त्यामुळे घरी जो माणूस लुंगीवर बसून टीव्ही बघतो तोच शाळेत येऊन मला 'मॅडम' म्हणतो आणि माझं हजेरीपत्रक तपासतो. शाळा तंबाखूमुक्त आहे की नाही हे ठरवण्याचं काम त्याच्याकडे होतं. आणि दिवसाला सहा पुड्या खर्रा हेही त्याचंच काम होतं. निरोगी माणसाच्या तोंडात हाताची तीन बोटं उभी जातात. त्याच्या तोंडात आता दोन जातात. ती दोन तरी टिकतील की नाही, एवढाच प्रश्न आमच्या घरात उरला आहे. बाकी जे लिहिते आहे ते या प्रश्नापर्यंत आम्ही कसे आलो त्याबद्दल.

एकदा तांड्यावर पाहणीसाठी एक तरुण माणूस आला होता. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, बोलणं शहरी. शाळेत बसून त्याने माझ्याकडून घरांचा रस्ता समजून घेतला, म्हणून मीच त्याच्यासोबत गेले. पहिल्याच घरी ओट्यावर एक म्हातारे बाबा बसले होते. पाहुण्याने विचारलं, "तुम्ही धूम्रपान करता का?" बाबांनी हनुवटी वर करून हाताने थांबा म्हटलं, उठले, कुंपणापाशी जाऊन थुंकले, तोंड पुसलं आणि परत येऊन म्हणाले, "नाही बा. बिडी सोडून लय वर्सं झाली."

पाहुण्याने 'नाही' वर बोट ठेवलं. पुढच्या घरी जळक्या तंबाखूने दात घासत बसलेल्या बाईनेही 'नाही' म्हटलं, आणि तिने ते दात घासता घासताच म्हटलं. धूर काढत नाही म्हणजे व्यसन नाही, हा इथला सर्वमान्य हिशेब आहे. त्यानंतरच्या प्रश्नात चघळण्याच्या तंबाखूचं नाव होतं. पण त्यावर सगळ्यांनी सांगितलं की तंबाखू आम्ही खात नाही, खर्रा खातो. तो त्यांच्या दृष्टीने वेगळा पदार्थ होता. मी मध्ये तोंड घालून म्हटलं, "अहो, त्यात तंबाखूच असते." पाहुणा म्हणाला, "मॅडम, उत्तर त्यांनीच द्यायला हवं." त्या दिवशी त्या तांड्यावर व्यसनी माणूस एकही सापडला नाही. सिगारेट आणि बिडी ओढणारे कमी होत चालले आहेत असं मी अधूनमधून वाचते, आणि ते खरंही असेल. आमच्याकडे ओढायला तोंड रिकामं असतंय कुठे.

मग आली पिवळी रेषा. शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, आणि ती हद्द रस्त्यावर पिवळ्या रंगाने दाखवायची, असा नियम. त्याचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा. यार्ड म्हणजे किती हे शाळेत कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणालं मीटरच, कोणी म्हणालं तीन फूट. शेवटी तीन फुटांवर एकमत झालं. शिपायाने टेप धरला आणि निघाला. साठ-सत्तर पावलं गेला न गेला तोच पानठेला आला. सरळ फाटकासमोर, विहिरीच्या अलीकडे. रेषा त्याच्या पुष्कळ पलीकडे पडणार होती.

ठेलेवाला भला माणूस. शाळेच्या झेंडावंदनाला दरवर्षी स्वतःहून बुंदी देतो. त्याला हटवायचं कोणी? मुख्याध्यापक म्हणाले, साहेबांना विचारू. साहेब म्हणजे माझा नवरा. तो मोटारसायकलवरून आला, उतरला, फाटकापाशी उभा राहिला आणि हनुवटी वर करून विचार करायला लागला. हनुवटी वर असल्याशिवाय त्याला विचार करता येत नसे, कारण खाली केली की रस सांडायचा. मग कोपऱ्यात जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "सरळ कायले मोजून राह्यले? माणूस काय उडत जाते का ठेल्यावर? रस्त्यानं मोजा."

रस्ता शाळेला वळसा घालून, मारुतीच्या पारावरून, विहिरीला फेरी मारून ठेल्यापाशी जायचा. त्या रस्त्याने मोजलं तर ठेला हद्दीच्या दोन पावलं बाहेर निघाला. मुलं मात्र रोज सरळच जायची. रेषा मारली गेली. ती ठेल्याच्या बरोबर अलीकडे आली, त्यामुळे ठेल्यासमोर उभं राहणाऱ्यांना पाय ठेवायला छान जागा झाली. फोटोत ठेला येऊ नये म्हणून त्याच्यावर 'आमची शाळा तंबाखूमुक्त शाळा' असा कापडी फलक टाकला. फोटो पाठवल्यावर तो काढायचा राहून गेला. ठेलेवाल्याने त्याच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या आणि सावली करून घेतली. आम्हाला प्रमाणपत्र मिळालं. ते देणाऱ्या तालुक्याच्या साहेबांच्या सहीखाली त्यांच्याच तोंडातला एक लाल ठिपका पडला होता. मुख्याध्यापकांनी ते काचेच्या चौकटीत लावलं.

मी हसले होते तेव्हा. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला म्हटलंही, "तुमचं डोकं या कामात फार चालतं." तो खूश झाला. टोमणा त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पुष्कळदा पोचतच नाही.

आता माझ्याबद्दल. मी शाळेची तंबाखूमुक्तीची जबाबदार शिक्षिका. भिंतीवर तक्ता मीच लावला आहे, अक्षर माझं आहे. तोंडाच्या आजाराची लक्षणं: तिखट सहन न होणं, तोंड कोरडं पडणं, गाल आतून पांढरे आणि कडक होणं, तोंड कमी उघडणं. दरवर्षी मी ती मुलांकडून मोठ्याने वाचून घेते. घरी जाऊन मोठ्या माणसांना तीन बोटं तोंडात घालून दाखवायला सांगा, असा गृहपाठ देते. मुलं वहीत घरच्यांची नावं आणि बोटं लिहून आणतात, मी लाल पेनने बरोबरच्या खुणा करते.

आणि याच काळात माझ्या घरी मिरची कमी होत होती.

वऱ्हाडातला माणूस जेवताना शेजारी हिरवी मिरची घेतो. माझा नवरा तर लग्नाच्या पंगतीत पाटवडीचा रस्सा वाढणाऱ्याला थांबवून पुन्हा तर्री मागायचा. त्याच्या घरचे सगळे असेच. एका उन्हाळ्यात तो भाकरीचा तुकडा मोडून थांबला आणि म्हणाला, "भाजी तिखट काहून करून राह्यली तू?"

मी म्हटलं, "रोजच्यासारखीच आहे."

"मंग औंदाची मिरचीच जहाल हाये."

मला ते पटलं. मिरची त्या वर्षी खरंच तिखट असेल असं वाटलं. मी आठवडी बाजारात गेले आणि मिरचीवाल्याशी भांडले. कोणती मिरची दिली, कुठली मिसळली, आमच्या घरी माणसाचं तोंड भाजतंय. तो बिचारा पोत्यात हात घालून मिरच्या दाखवत राहिला. "मॅडम, तेच पीक हाये, तेच गाव हाये. बाकी कोनी बोलून नाही राह्यलं." मी त्याच्याकडून मिरची घेणं बंद केलं. दुसऱ्याकडून घेतली, तरी तेच. मग मी तिखट निम्मं केलं. पुढच्या वर्षी पाव केलं. त्याचं तोंड आलंय म्हणून गोळ्या आणल्या, दही लावून दिलं, उष्णता वाढली म्हणून सब्जा भिजवला. ज्या दिवशी आमच्या घरी वरणाला नुसती हळद-जिऱ्याची फोडणी पडली, त्याच दिवशी शाळेत मी मुलांना विचारत होते, "तिखट सहन न होणं हे कशाचं लक्षण?" आणि वर्ग एका सुरात उत्तर देत होता.

या मूर्खपणाला मी काय म्हणू? दुसऱ्याच्या मूर्खपणाला माझ्याकडे भरपूर शब्द आहेत.

शेवटी कळलं ते गुपचूपच्या गाडीवर. पाणीपुरीला आमच्याकडे गुपचूप म्हणतात. संध्याकाळी बाजारातून येताना आम्ही दोघं थांबलो. गुपचूप अख्खी तोंडात टाकायची असते. त्याने ती ओठांपर्यंत नेली, थांबला, आणि पुढच्या दातांनी अर्धी तोडली. पाणी सगळं शर्टावर. मी म्हटलं, "हे काय लहान मुलासारखं?" त्याने दुसरीही तशीच खाल्ली. तिसरी गाडीवाल्याला परत दिली आणि म्हणाला, "लयच मोठ्या करून राह्यला बे."

गुपचूप नेहमीएवढीच होती. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. मिरची जहाल, गुपचूप मोठी. या माणसाच्या तोंडाखेरीज जगातली प्रत्येक वस्तू बिघडली होती. घरी आल्याबरोबर मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "बोटं घाला." तो म्हणाला, "मी काय तुह्या वर्गात हावो का?" मी म्हटलं, "घाला." दोन गेली. तिसरं बोट त्याने जोर लावून बघितलं, मग हात खाली घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला त्याची दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

यवतमाळला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण बाई होती. तिने गालाच्या आतून बोट फिरवलं आणि आमच्याकडे न बघता बोलायला लागली. गाल आतून कडक झाले आहेत, जे गेलं ते फारसं परत येणार नाही. आत्ता बंद केलं तर आहे ते राहील, नाही केलं तर पेज प्यायचे दिवस येतील, आणि यातून कर्करोगही होतो. तिने कुल्फीला असतात तशा लाकडी काड्यांचा गठ्ठा दिला. त्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, दिवसातून पाच वेळा, आणि आठवड्याला एक काडी वाढवायचा प्रयत्न करायचा. नवऱ्याने विचारलं, "एखादा चालते का? सकाळचा एक?" डॉक्टर म्हणाली, "काका, मी इथेच बसलेली आहे. तुम्ही ठरवा." परतीच्या एसटीत तो बाभूळगावच्या एका ओळखीच्या शिक्षकाचं उदाहरण सांगत राहिला, ज्याने चाळीस वर्षं खर्रा खाल्ला आणि ज्याला काही झालं नाही.

पण त्याने सोडला. खरं सांगते, मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बंद. मोटारसायकलच्या डिकीतल्या पुड्या त्याने स्वतः काढून उकिरड्यावर टाकल्या. चौतीस दिवस त्याने तोंडात सुपारीचा कण घातला नाही. ते चौतीस दिवस आमच्या घरात राहणं म्हणजे शिक्षा होती. तो दारं आपटायचा, बडीशेप मुठीने खायचा, शाळांच्या भेटीत शिक्षकांवर ओरडायचा. मला तीन शिक्षकांचे फोन आले की साहेबांची तब्येत बरी आहे ना, पूर्वी असे नव्हते. पूर्वीचा साहेब त्यांना पसंत होता, तोंड भरलेलं असल्यामुळे फारसं बोलायचा नाही. पण सकाळी तो आरशासमोर दातांत काड्या धरून उभा राहायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी चहा गाळताना मागून बघायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटला, म्हणून मी तो बोलून दाखवला नाही.

पस्तिसाव्या दिवशी तालुक्याच्या सभागृहात तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम होता. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, माझ्यासारख्या जबाबदार शिक्षिका, सगळे मिळून दोनशे माणसं. शपथ देण्याचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्या नवऱ्याकडे होतं. मागच्या वर्षी त्याने ती तोंडात पुडी ठेवून दिली होती आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. या वर्षी मी त्याला पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. मी तिसऱ्या रांगेत बसले.

तो माइकपाशी आला. कागद धरला. "मी अशी शपथ घेतो की" एवढं म्हणाला, आणि शब्द दातांमागे अडकल्यासारखे निघाले. तोंड पुरतं उघडत नसलं की असंच होतं. जीभ आत गुंडाळली जाते, बोलणं भरल्या तोंडाचं वाटतं. त्याने घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

सभागृहात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आमच्याकडे माणसाचं तोंड भरलेलं असेल तर समोरचा थांबतो, थुंकून येऊ देतो. ती इथली रीत आहे, जेवणाऱ्याला पाणी द्यावं तशी. दोनशे माणसं समजूतदारपणे थांबली. पहिल्या रांगेतले एक वयस्क मुख्याध्यापक उठले, मंचाच्या बाजूची खिडकी त्यांनी उघडली आणि हाताने, या, असं म्हटलं. "घ्या साहेब, मोकळे व्हा. आमी हाओत इथंच."

माझ्या नवऱ्याने खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याचं तोंड रिकामं होतं. चौतीस दिवसांपासून रिकामं होतं, आणि हे त्या सभागृहात आम्हा दोघांनाच माहीत होतं. मला वाटलं तो सांगेल. एक वाक्य पुरलं असतं.

तो खिडकीपाशी गेला. बाहेर वाकला आणि थुंकल्यासारखं केलं. रुमालाने ओठ पुसले, परत येऊन माइक धरला आणि सावकाश, एकेक शब्द तोडत शपथ दिली. आम्ही सगळ्यांनी हात पुढे केले आणि त्याच्यामागे म्हटली. मीही म्हटली. शेजारची शिक्षिका माझ्या कानाशी म्हणाली, "साहेबायनं आजच्या दिवस तरी नव्हता खायचा." मी म्हटलं, "हो ना."

बाहेर आल्यावर मोटारसायकल लावलेल्या झाडाखाली मी त्याला विचारलं, "खिडकीपाशी काहून गेलते?"

"मंग काय सांगू? तोंड उघडत नाही म्हनू? दोनशे लोकायसमोर?"

"खर्रा खाल्लाय असं वाटलं तर चालतं?"

"ते चालते," तो म्हणाला. "ते समदेच खातेत."

फाटकाबाहेरच्या ठेल्यावर शपथ घेतलेली बरीच मंडळी जमली होती. ज्यांनी खिडकी उघडली ते मुख्याध्यापकही होते. त्यांनी आपली पुडी सोडली आणि आमच्यापुढे केली. आमच्याकडे एकाने पुडी सोडली की चौघांना विचारतो. न घेणं म्हणजे त्याचा अपमान. माझ्या नवऱ्याने ती चिमूट घेतली. तोंडाशी नेण्याआधी तो थांबला आणि हळूच मला म्हणाला, "लोकायच्या हिशेबानं त मी खाऊनच राह्यलो. आता काय फरक पडते, सांग."

फरक काय पडतो ते मला माहीत होतं, आणि एवढ्या वर्षांत कोणाला चार शब्द सुनवायला मी कधी मागे हटले नव्हते. पण ते सांगायची वेळ अर्ध्या तासापूर्वी होती, तिसऱ्या रांगेत उभं राहून, आणि तेव्हा मी 'हो ना' म्हणाले होते.